धर्मांचा अभ्यास आणि आंतरजाल : मूळ कुठे पाहायचं?



संयोजकांनी विषय लिहून दिला तो असा : 'जगातील धर्मांच्या अध्ययन-अध्यापनासाठी आंतरजालावरील साधने'. नाव जरा भारदस्त आहे. साध्या भाषेत सांगायचं तर, शेजाऱ्याचा धर्म समजून घ्यायचा असेल किंवा स्वतःचाच धर्म नीट वाचायचा असेल, तर मोबाइलवर नेमकं कुठे जायचं आणि तिथे पोचल्यावर काय तपासायचं. नुसती यादी हवी असती तर ती दोन मिनिटांत वाचून दाखवता आली असती. त्यासाठी संध्याकाळच्या वेळी, ट्रकांच्या रांगेतून वाट काढत तुम्हाला कळमन्यापर्यंत बोलावण्याची गरज नव्हती. यादी सोपी आहे. यादीतल्या गोष्टीवर किती विश्वास ठेवायचा, हे अवघड आहे. म्हणून आज आपण थोडी यादी करू आणि पुष्कळशी तपासणी करू.

इथल्या बाजार समितीच्या आवारात हंगामात संत्र्याच्या ढिगांचा लिलाव होतो. जाणता खरेदीदार वरचा थर पाहून बोली लावत नाही. तो हात आत घालतो, खालची दोन फळं काढतो, माल काटोलकडचा की वरुडकडचा, आंबिया बहाराचा की मृग बहाराचा, हे विचारतो. हीच माणसं घरी जाऊन मोबाइल उघडतात आणि 'अमक्या धर्माच्या ग्रंथात असं लिहिलंय' हा संदेश मात्र वरचा थर पाहूनच पुढे धाडतात. दहा किलो संत्र्याला आपण जी चौकशी लावतो, ती शेजाऱ्याच्या धर्माला लावत नाही. आणि नुकसान कुठलं मोठं आहे, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको.

शाळेत न शिकवलेला विषय

पहिला प्रश्न असा की, ही चौकशी आपल्याला कुणी शिकवली का? राज्यघटनेच्या कलम 28 नुसार, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. हे योग्यच आहे. पण 'धर्माचं शिक्षण देणं' आणि 'धर्मांविषयी शिकवणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोठारी आयोगाने, म्हणजे 1964 ते 66 च्या शिक्षण आयोगाने, हा भेद स्पष्ट केला होता. सर्वोच्च न्यायालयानेही 2002 मध्ये अरुणा रॉय खटल्यात तो मान्य केला : एखाद्या धर्माचे विधी-उपासना वर्गात शिकवता येणार नाहीत, पण निरनिराळ्या धर्मांची ओळख करून द्यायला घटनेची आडकाठी नाही.

कागदावर हे झालं. व्यवहारात मात्र शाळांनी दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकल्या. शिक्षकाला वाटतं, नको ती भानगड. परिणाम असा की पदवीपर्यंत शिकलेला मराठी माणूस स्वतःच्या घरातल्या धर्माबद्दल जे ऐकलं ते जाणतो आणि दुसऱ्याच्या धर्माबद्दल फक्त दुसऱ्याचे विरोधक काय म्हणतात तेवढंच जाणतो. ही रिकामी जागा आज मोबाइलने भरली आहे. त्यामुळे आंतरजालावरची साधनं हा केवळ अभ्यासकांचा विषय राहिलेला नाही.

जे फुकट, ते बहुधा जुनं

आता तपासणी सुरू करू. धर्मग्रंथांचं सगळ्यांना माहीत असलेलं एक इंग्रजी संकेतस्थळ आहे, 'सेक्रेड टेक्स्ट्स'. जॉन ब्रूनो हेअर या गृहस्थाने ते 1999 मध्ये सुरू केलं. वेद, उपनिषदं, कुराण, धम्मपद, झेंद अवेस्ता, कन्फ्यूशियसचे ग्रंथ, सगळं एका ठिकाणी आणि विनामूल्य. एका माणसाच्या चिकाटीचं हे काम थक्क करणारं आहे, यात शंका नाही.

पण तिथली भाषांतरं कोणती आहेत ते पाहा. त्यांतला मोठा भाग येतो तो माक्स म्युलरने संपादित केलेल्या 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' या पन्नास खंडांच्या मालेतून. ही माला 1879 ते 1910 या काळात ऑक्सफर्डहून निघाली. आपल्या अभिमानाची गोष्ट म्हणजे तिच्यात मुंबईचे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी केलेलं गीतेचं भाषांतर आहे, 1882 सालचं, आठव्या खंडात. कुराणाचं भाषांतर पामरचं, 1880 चं. धम्मपद खुद्द म्युलरचं, 1881 चं.

ही जुनी भाषांतरंच सगळीकडे का दिसतात? ती सर्वोत्तम आहेत म्हणून नव्हे. त्यांचा स्वामित्वहक्क संपला आहे, म्हणून. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क राहतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेली, अधिक काटेकोर भाषांतरं अजून हक्काच्या कुंपणात आहेत. ती विकत घ्यावी लागतात. कुंपणाबाहेर आहे ते आजोबा-पणजोबांच्या काळातलं. म्हणजे 2020 नंतरचा विद्यार्थी शेजाऱ्याचा धर्म शिकतो तो राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या चष्म्यातून, आणि चष्मा कुठला हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आणखी एक बारकावा. 'पूर्वेच्या पवित्र ग्रंथां'च्या त्या पन्नास खंडांत बायबल नाही. बायबलची भूमी आशियातच आहे, पण ते 'पूर्वे'त धरलं गेलं नाही. गुरू ग्रंथसाहिबही नाही. तेव्हा कुठल्याही ग्रंथसंग्रहात शिरल्यावर दोन प्रश्न विचारायचे : हे भाषांतर कुणी, कधी केलं? आणि या संग्रहात काय ठेवलेलं नाही?

हक्क संपण्याचा फायदाही आपल्याला झाला आहे. धर्मानंद कोसंबी 1947 मध्ये सेवाग्रामला वारले. 2008 पासून त्यांचं लेखन मुक्त झालं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण 1956 चं. 2017 पासून त्यांचे ग्रंथही मुक्त आहेत. या दोघांचंही साहित्य आज आंतरजालावर पैसे न मोजता वाचता येतं. मराठी वाचकाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

कालामांचं सूत्र आणि त्याची नक्कल

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. भगवान बुद्धांच्या नावावर फिरणारं एक वचन तुम्ही सगळ्यांनी वाचलेलं आहे. परंपरेवर विश्वास ठेवू नका, ग्रंथावर ठेवू नका, तुमच्या स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच माना, अशा आशयाचं. खाली बुद्धमूर्तीचं चित्र असतं. हे 'कालाम सुत्ता'तलं आहे असं म्हणतात. आपल्या कळमन्याशी त्या नावाचं साम्य निव्वळ योगायोगाचं आहे, पण लक्षात ठेवायला बरं.

हे मूळ कुठे पाहायचं? इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण पाली तिपिटक आंतरजालावर ठेवलं आहे, 'तिपिटक डॉट ऑर्ग' या पत्त्यावर. रंगूनमध्ये 1954 ते 56 या काळात जी सहावी संगीती भरली, तिने सिद्ध केलेला हा पाठ आहे आणि तो देवनागरीत वाचता येतो. दुसरं संकेतस्थळ 'सुत्तसेंट्रल'. तिथे मूळ पाली आणि भाषांतर ओळीला ओळ लावून ठेवलेलं असतं. दोन्हीकडे अंगुत्तर निकाय उघडायचा, त्यातला तिकनिपात. एक इशारा आधीच देतो : सुत्तसेंट्रलवर हे सूत्र पासष्टावं आहे आणि इगतपुरीच्या पाठात सहासष्टावं. क्रमांक लावण्याच्या पद्धती निराळ्या, एवढंच कारण. शिवाय नाव 'कालामसुत्त' दिसणार नाही, 'केसमुत्तिसुत्त' दिसेल. कालाम हे लोकांचं नाव, केसमुत्त किंवा केसपुत्त हे त्यांच्या गावाचं. क्रमांक जुळला नाही म्हणून 'असं सूत्रच नाही' असा निष्कर्ष काढणारे लोक आम्ही पाहिले आहेत, म्हणून हे सांगितलं.

सूत्रात काय आहे? कालाम लोक तक्रार करतात की आमच्या गावी अनेक श्रमण-ब्राह्मण येतात, प्रत्येकजण स्वतःचं मत उजळून सांगतो आणि दुसऱ्याचं मत तुच्छ लेखतो. आम्ही कुणाचं खरं मानायचं? बुद्ध म्हणतात, तुमचा संशय योग्य आहे. मग ते दहा गोष्टी सांगतात, ज्यांच्या आधारावर एखादी गोष्ट स्वीकारू नये. ऐकीव आहे म्हणून नको, परंपरेने आली म्हणून नको, ग्रंथात आहे म्हणून नको. इथपर्यंत मोबाइलवरचं वचन बरोबर आहे.

पण यादी इथे थांबत नाही. पुढे 'तक्क' येतो, म्हणजे तर्क. केवळ तर्काला पटलं म्हणूनही नको. अनुमानाने निघतं म्हणून नको. आपल्या आधीच्या मताशी जुळतं म्हणून नको. आणि शेवटी, हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणूनही नको. मग कसोटी कोणती? ही वृत्ती अकुशल आहे, शहाण्यांनी निंदलेली आहे, आचरणात आणली तर अहिताला आणि दुःखाला नेते, हे तुम्हाला स्वतःला कळलं की ती सोडा. लोभ, द्वेष आणि मोह यांची उदाहरणं घेऊन बुद्ध कालामांकडूनच उत्तरं काढून घेतात.

फरक पाहिलात? प्रचलित वचन म्हणतं, तुला पटेल ते खरं. सूत्र म्हणतं, तुला पटतं एवढ्याने ते खरं ठरत नाही. आचरणात त्याचं फळ काय येतं ते बघ, आणि शहाण्या माणसांचं मतही जमेला धर. 'आपल्या मताशी जुळतं म्हणून' हे कारण तर आपल्या रोजच्या ढकलसंदेशांचं मुख्य कारण आहे, आणि सूत्राने ते नेमकं नावानिशी बाद केलं आहे. तपासून घ्या असं सांगणारं सूत्रच आपण न तपासता वाटत राहिलो.

हे सगळं शोधायला किती वेळ लागतो? पाली येत नसेल तरी अर्धा तास पुरतो. एखादा शब्द अडला तर पालीचा कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संकेतस्थळावर आहे. मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोशही तिथेच मिळतो.

एका प्रश्नाला दोन प्रामाणिक उत्तरं

मूळ सापडलं म्हणजे वाद संपले असं मात्र नाही. कधी कधी मूळ पाहिल्यावर कळतं की उत्तरंच दोन आहेत. सिद्धार्थाने घर का सोडलं? शाळेच्या पुस्तकातलं उत्तर : म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहिले म्हणून. आता दीघ निकायातलं महापदान सुत्त उघडा. ही चार दृश्यांची कथा तिथे आहे, पण ती विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाबद्दल सांगितलेली आहे. गौतमाच्या चरित्रात ती पुढच्या काळातल्या ग्रंथांतून रूढ झाली.

बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या आरंभीच हा प्रश्न उभा केला, रूढ उत्तर नाकारलं आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात उद्भवलेला संघर्ष हे गृहत्यागाचं कारण म्हणून मांडलं. हा ग्रंथ त्यांच्या पश्चात 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. आज तो कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे, प्राध्यापक फ्रान्सेस प्रिचेट यांनी वाचकांसाठी नीट मांडून ठेवलेला. महाराष्ट्र शासनाच्या 'लेखन आणि भाषणे' या मालेत तो अकरावा खंड आहे आणि ते खंड भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. धर्मानंद कोसंबींचं 'भगवान बुद्ध' 1940-41 मध्ये आपल्या नागपूरच्याच सुविचार प्रकाशन मंडळाने काढलं. पाली मूळ घेऊन दंतकथा आणि इतिहास वेगळे कसे करायचे, याचा तो मराठीतला वस्तुपाठ आहे.

विद्यार्थ्याने यातलं 'खरं' कुठलं हे विचारण्याआधी, कोण कुठल्या भूमिकेतून बोलतोय हे पाहावं. पाली सूत्र ही एका संघाने जपलेली स्मृती आहे. कोसंबी हे इतिहासाच्या अंगाने जाणारे संशोधक आहेत. बाबासाहेब आपल्या समाजाला धम्म देत आहेत आणि दुःखाचं मूळ समाजव्यवस्थेत शोधत आहेत. तिन्ही गोष्टी आदराने, पण वेगवेगळ्या खणात ठेवता आल्या की धर्माचा अभ्यास सुरू झाला असं समजा.

बंद दप्तरं उघडणारी माणसं

हे सगळं इंग्रजांनी किंवा संगणकाने आणलं असं कुणाला वाटेल. तसं नाही. बंद ग्रंथ उघडण्याचा खटाटोप आपल्याकडे जुना आहे आणि त्यात विदर्भाचा वाटा मोठा आहे.

जैनांचा 'षट्खंडागम' घ्या. दिगंबर परंपरेतला हा अत्यंत प्राचीन ग्रंथ, वीरसेनांच्या 'धवला' टीकेसह, शतकानुशतकं कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर बंद होता. दर्शन घ्यायचं, वाचायचं नाही. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी तो संपादित करून 1939 पासून छापायला सुरुवात केली, आणि त्याचे सोळा खंड झाले. आज 'जैन ई-लायब्ररी' या संकेतस्थळावर जैनांचे हजारो ग्रंथ खुले आहेत. पण भांडाराचं पहिलं कुलूप अमरावतीच्या एका प्राध्यापकाने काढलं, हे विसरू नये.

महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लपवून ठेवले होते. 'लीळाचरित्रा'सारखा मराठीतला आद्य गद्यग्रंथ त्यामुळे कित्येक शतकं बाहेरच्या वाचकाला ठाऊकच नव्हता. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. आणि श्रीधर व्यंकटेश केतकर! रायपूरला जन्म, अमरावतीत शिक्षण, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट, आणि परत येऊन ज्ञानकोशासाठी कंपनी काढली ती नागपुरात. 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे 23 खंड. त्यातले आरंभीचे प्रस्तावनाखंड पाहा : 'हिंदुस्थान आणि जग', 'वेदविद्या', 'बुद्धपूर्व जग', 'बुद्धोत्तर जग'. नावांवरूनच कळेल की धर्मांचा तौलनिक इतिहास मराठीत आणण्याची ती योजना होती. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने हा कोश आंतरजालावर आणला आहे. मात्र त्यातली माहिती शंभर वर्षांपूर्वीची आहे, हे ध्यानात ठेवून वाचायचं. ताज्या नोंदीसाठी मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली त्याचा पहिला खंड 1976 ला निघाला. आज तो सगळा विनामूल्य वाचता येतो, आणि नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. नाव असणं महत्त्वाचं. लिहिणारा जबाबदारी घेतो.

दुसऱ्याचा ग्रंथ वाचताना

आता शेजाऱ्याच्या घराकडे वळू. कुराणाचं मूळ अरबी आणि अनेक भाषांतली भाषांतरं 'कुराण डॉट कॉम'वर आहेत, त्यात मराठीही आहे. बायबलच्या मराठी आवृत्त्या 'यूव्हर्शन'वर. ज्यूंचे ग्रंथ 'सेफारिया'वर, हिब्रू आणि इंग्रजी शेजारी-शेजारी, भाष्यांसकट. पारशांसाठी 'अवेस्ता डॉट ऑर्ग'. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची पोथी पाहायची असेल तर 1874 ची पुण्यात छापलेली हग्गादा शोधा. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा तो ग्रंथ हिब्रूसोबत मराठीत आहे. ज्यू धर्म दूरचा वाटत असेल तर तो मराठी बोलतो हे तिथे दिसेल.

वचन तपासण्याची रीत सगळीकडे एकच. पहिलं, संदेशात अध्याय आणि वचनाचा क्रमांक आहे का? नसेल तर विषय संपला, पुढे पाठवू नका. दुसरं, क्रमांक असेल तर त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं वाचा. कोण कुणाला, कुठल्या प्रसंगी बोलतंय ते कळतं. तिसरं, किमान दोन भाषांतरं पडताळा. चौथं, त्या धर्माचे लोक या वचनाचा अर्थ काय लावतात ते त्यांच्याच भाष्यात पाहा. गीतेत अर्जुनाला 'युद्ध कर' सांगितलं आहे, तेवढंच उचलून कुणी आपल्याविषयी मत बनवलं तर आपल्याला जसं वाटेल, तसंच त्यांनाही वाटतं.

हल्ली पुष्कळजण संगणकाच्या चॅटबॉटला विचारतात. विचारायला हरकत नाही. पण तो ग्रंथाचं नाव आणि क्रमांक ठसक्यात सांगतो आणि त्या क्रमांकावर भलतंच काही निघतं, असंही होतं. त्याने दिलेला क्रमांक घेऊन वरच्या चार पायऱ्या चढायच्याच.

गुरू ग्रंथसाहिबाचा शोध घेणारी 'सिखी टू द मॅक्स' आणि 'श्रीग्रंथ' ही संकेतस्थळं आहेत. तिथे 'नामदेव' हे नाव टाकून पाहा. 1430 पृष्ठांच्या त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत. पंढरपूरचा शिंपी संत पंजाबच्या धर्मग्रंथात मानाने बसला आहे, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि गुरुमुखीच्या पानावर स्वतः पाहणं वेगळं.

ग्रंथात नसलेला धर्म

एवढं सगळं करूनही एक मोठी गोष्ट निसटते. आंतरजाल ग्रंथांनी भरलेलं आहे, त्यामुळे धर्म म्हणजे ग्रंथ असा समज होतो. हार्वर्डच्या प्राध्यापकांनी 2016 मध्ये 'जगातले धर्म त्यांच्या ग्रंथांतून' अशी विनामूल्य अभ्यासक्रमांची माला काढली. तिच्यामागच्या प्रकल्पाची सूत्रं फार उपयोगी आहेत : कुठलाही धर्म आतून एकसारखा नसतो, तो काळाबरोबर बदलतो, आणि तो समाजाच्या बाकी सगळ्या व्यवहारांत मिसळलेला असतो.

पहिलं सूत्र पडताळायला हार्वर्डला जायला नको. इथून दीक्षाभूमीला जा, जिथे 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. मग कामठीचा ड्रॅगन पॅलेस पाहा, जपानी मैत्रीतून उभा राहिलेला. नंतर गोंदिया जिल्ह्यातलं गोठणगाव, जिथे तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिन्ही ठिकाणी बुद्ध आहे. पण विधी वेगळे, भाषा वेगळी, वस्त्रं वेगळी, अपेक्षाही वेगळ्या. 'बौद्ध धर्म काय म्हणतो?' हा प्रश्न 'कुठले बौद्ध?' असा सुधारून घ्यावा लागतो. तिसऱ्या सूत्रासाठी ताजबागेत जा. ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात रांगेत उभ्या असलेल्या माणसांची आडनावं कुठल्याच एका जनगणनेच्या रकान्यात मावणार नाहीत.

शिक्षक मित्रांना सुचवणं आहे ते हेच. आंतरजालावरून एक वचन घ्या, ते वर्गात मुळापर्यंत न्या, आणि मग त्या धर्माच्या एका माणसाला वर्गात बोलवा. त्याला 'तुमचा ग्रंथ काय सांगतो?' हे विचारू नका. 'तुमच्या घरी सण कसा होतो, आजी काय करायची, तुम्ही काय करता, काय सोडलंत?' हे विचारा. ग्रंथ आणि घर यांतलं अंतर मुलांना आपोआप दिसेल. ते प्रत्येक धर्मात असतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : दुसऱ्यांचे धर्मग्रंथ वाचायला लावले तर मुलांची आपल्या श्रद्धेवरची पकड सुटणार नाही का?*

आपल्या शेजारच्या पवनारचं उदाहरण घेऊ. विनोबांनी 'गीताई' लिहिली आणि जन्मभर गीतेचं चिंतन केलं. त्याच विनोबांनी अरबी शिकून कुराणाचं सार काढलं, ख्रिस्तधर्माचं सार काढलं, धम्मपदाची नवी रचना केली, जपुजीवर लिहिलं, आणि त्यांच्याच प्रेरणेतून जैनांच्या सगळ्या पंथांना मान्य होईल असं 'समणसुत्तं' सिद्ध झालं. त्यांची गीता सुटली नाही. आणि समजा, वाचल्यावर एखाद्या मुलाला प्रश्न पडलेच, तर प्रश्न पडणारच नाहीत अशी श्रद्धा टिकवण्यासाठी मुलाला अडाणी ठेवायचं का, याचं उत्तर पालकांनी द्यावं. शाळेचं काम समजून देण्यापर्यंतचं आहे. मानायचं की नाही हे घराचं आणि त्या मुलाचं.

*प्रश्न : यातलं बरंचसं इंग्रजीत आहे. आमच्यासारख्यांनी काय करायचं?*

तक्रार रास्त आहे. मराठीत आज भरवशाचं जे आहे ते पुन्हा सांगतो : विश्वकोश, केतकरांचा ज्ञानकोश, कोसंबींची पुस्तकं, बायबल, कुराणाचं भाषांतर, संतवाङ्मयासाठी 'खापरे डॉट ऑर्ग', आणि देवनागरी वाचता येणाऱ्यासाठी पाली तिपिटक. आठवड्यातून एक तास दिलात तरी दोन-तीन वर्षं पुरेल एवढं हे आहे.

पण एक अडचण खरी आहे. जुनी मराठी पुस्तकं पुष्कळदा नुसती छायाचित्रं म्हणून चढवलेली असतात. त्यांत शब्द शोधता येत नाही. मराठी विकिस्रोतावर अशा पुस्तकांचं पान न् पान टंकलिखित होतं. एका बाजूला मूळ पान, दुसऱ्या बाजूला मजकूर. एकजण तपासतो तेव्हा पानाची खूण पिवळी होते, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवी. हे काम पगारी माणसं करत नाहीत, तुमच्या-आमच्यासारखी करतात. शुद्ध मराठी वाचता येणं एवढीच पात्रता लागते, आणि या सभागृहात ती प्रत्येकाकडे आहे. संयोजक बाहेरच्या टेबलावर बसून खातं कसं उघडायचं ते दाखवणार आहेत. जाण्यापूर्वी एक पान करून जा.

आमची वेळ संपली.